आमच्या घरी लागणारा सिनेमा

मंगळवारी दुपारी माझे पती गेले. आम्ही सिनेमा पाहत होतो. त्यांनी मला पाण्याची मोटार बंद करायला पाठवलं. टाकी भरली नव्हती, म्हणून मी भरेपर्यंत थांबले. परत आले तेव्हा सिनेमा सुरू होता आणि ते गेले होते.

मग माणसं आली. कोणीतरी टीव्ही बंद केला, कोणीतरी त्यावर चादर टाकली. सुतक फिटल्यावरही ती चादर काढायचं कोणाला सुचलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

आमचं घर जळगाव जामोदला, डेपोपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, मी शाळेत मराठी शिकवत असे. गावात मला सगळे बाई म्हणतात, तेही बाईच म्हणत. "बाई, तुया चष्मा फ्रिजवर हाय." "बाई, आज वरनात मीठ हाय का नाई?" ते शेवटपर्यंत वऱ्हाडी बोलले आणि मी पुस्तकी मराठी. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला दुरुस्त करायला गेलं नाही. घरात पुस्तकं माझी आणि सिनेमे त्यांचे, अशी वाटणी होती.

काही वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण अकोल्याच्या एका दवाखान्यात गेली. शेवटचे दिवस मी तिच्या उशाशी होते. तिच्या पलंगाशेजारच्या यंत्राचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढे केव्हातरी खामगावच्या थिएटरात आम्ही एक सिनेमा पाहायला गेलो आणि मध्येच पडद्यावर तसलीच खोली आली, तसलंच यंत्र वाजू लागलं. मी अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसले. ते मागोमाग आले, शेजारी बसले. त्यांनी भाजलेल्या शेंगांची पुडी आणली होती. पुडी संपेपर्यंत आम्ही तिथेच शेंगा सोलत बसलो. त्यानंतर मी सिनेमा पाहणं सोडलं.

ते निवृत्त झाल्यावर घरात नवा टीव्ही आला, इंटरनेट आलं. केरळातले, तमिळनाडूतले, बंगालमधले सिनेमे हिंदी बोलत आमच्या गावापर्यंत पोहोचू लागले होते. हॉलिवूडचे गोरे म्हातारेसुद्धा हिंदीत खाकरू लागले होते. त्यांनी मला पुन्हा टीव्हीसमोर बसवलं ते एका वाक्यावर. "याच्यात तसं काई नाई." प्रत्येक सिनेमाआधी ते हे वाक्य म्हणत. त्यांना आधीच कसं ठाऊक, हे मी एकदा विचारलं होतं. "पेपरात वाचलं," ते म्हणाले. पेपर मीही वाचत होते. तरी मला तेव्हा शंका आली नाही. ज्या माणसाने नोकरीभर खिडकीतून "येऊन राह्यली, नांदुऱ्याहून निघाली" असं सांगून प्रवाशांना शांत बसवलं, त्याच्या बोलण्यावर शंका घ्यायला हवी होती.

एरवी मी संशयी आहे. सिनेमाच्या बाबतीत तर फारच. दुःख यायच्या आधी ज्याचं संगीत येतं, त्या सिनेमावर माझा विश्वास नाही. सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी आली की मी सरसावून बसते, कारण आता कोणीतरी खोटं बोलणार असतं. वरून उडत्या कॅमेऱ्याने दाखवलेली हिरवी गावं मला टूर कंपनीची जाहिरात वाटतात. मराठी सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की तो वेंधळा असणार, चुलत भाऊ असणार आणि लग्नात पडणार, हे मी आधीच सांगत असे. "थांब ना बाई, पडू त दे त्याले," ते म्हणत. तो पडे. मग ते इतके हसत की त्यांना ठसका लागे.

सिनेमा संपला की त्यांचा प्रश्न ठरलेला. "मंग बाई, वरच्या वर्गात घालाचा का नाई?"

मी बोलत असे आणि ते ऐकत असत. हे बोलणं घरातच राहिलं नाही. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमचं महिलांचं वाचक मंडळ भरतं. तिथे दर महिन्याला मी नव्या सिनेमांवर बोलू लागले. पुस्तकांवर बोलायचे तेव्हा चार बायका पेंगत. सिनेमांवर बोलू लागल्यावर खोली भरू लागली.

तिथे मी एक सिद्धान्त मांडला होता. अलीकडचा चांगला सिनेमा, मग तो मल्याळम असो, तमिळ असो की अमेरिकन, मृत्यू दाखवत नाही. तो संयम शिकला आहे. एका मल्याळम सिनेमात बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात राबणारा बाप असतो. परदेशातून मुलगी येते. बाप बर्फाच्या लाद्या ओढताना दिसतो आणि मग एकदम त्याची रिकामी खुर्ची दिसते. मध्ये काहीही नाही. केवढी हिंमत लागते असं काही न दाखवायला, असं मी म्हणाले होते. बायकांनी माना डोलावल्या होत्या.

हॉलिवूडच्या एका सिनेमावरून मात्र खटका उडाला. त्यात म्हातारं जोडपं जुना पियानो गाडीत घालून, ज्याचा त्याला परत द्यायला निघतं. वाटेत एका लॉजमध्ये उतरतं. सकाळी म्हातारा एकटाच गाडी चालवताना दिसतो. मी मंडळात सांगितलं की या वयातही बाई नवऱ्याला सोडून जाऊ शकते, हे दिग्दर्शकाने एकही भांडण न दाखवता सांगितलं आहे.

पुढच्या रांगेत आमच्या मेन रोडवरच्या साडीच्या दुकानाच्या मालकीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, "सोडून नाई गेली हो बाई. मेली ते."

"नाही, ती जाते. सकाळी पलंग रिकामा असतो."

"रिकामा राहीनच ना! रात्री मेली, उचलून नेली. चांगली अर्धी घटका दाखवली. मी त पदर भिजेलोक रडली."

"तुम्ही दुसरा सिनेमा पाहिला असेल."

"पियानोवालाच पाह्यला." त्या मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, "बाईच्या घरी वायलाच सिनेमा लागते वाटते!"

खोलीत हशा पिकला. मीही हसले. दुकान सांभाळत, मोबाइलवर तुकड्यातुकड्याने पाहणाऱ्या बाईची गल्लत झाली असेल, असं मी ठरवून टाकलं. घरी येऊन त्यांना सांगितलं तेव्हा ते चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तुटून कपात पडलं. "तिले काय समजते, थे साड्या इकते," एवढंच ते म्हणाले आणि चमच्याने बिस्कीट काढत बसले.

ते गेल्यावर काही महिन्यांनी मंडळातल्या बायका घरी आल्या. पुन्हा या, बोला, घरात किती दिवस बसाल, असं म्हणाल्या. मी हो म्हटलं. तयारी म्हणून टीव्हीवरची चादर काढली आणि पाहिलेलाच सिनेमा लावला, बर्फाच्या कारखान्याचा.

बापाने लादी ओढली. पुढे रिकामी खुर्ची यायला हवी होती. ती आली नाही. दवाखाना आला. पलंग, नळ्या, यंत्र, मुलीचा हात. दृश्य संपेचना. मी उठले नाही. उठायचं सुचलंच नाही, इतकी मी चक्रावले होते.

पहिला संशय मी सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीवर घेतला. आजकाल हे लोक सिनेमा मागाहून लांबवतात, काटछाट करतात, नव्याने जोडतात असं कुठेतरी वाचलं होतं. लोकांना रडायला हवं असतं म्हणून यांनी मधे दवाखाना घुसवला, अशी माझी खात्री झाली. चांगल्या सिनेमाची यांनी वाट लावली म्हणून मला रागही आला. त्या रागातच मी पियानोचा सिनेमा लावला.

लॉजमध्ये म्हातारी मेली. साडीवाल्या बाईंनी सांगितलं होतं तशीच, सावकाश.

एवढं सगळं एकच कंपनी माझ्या एकटीसाठी कशाला करेल? मी टीव्ही बंद केला आणि अंगणात जाऊन मोटारीसमोर उभी राहिले.

आमच्याकडे बोअर आहे, मोटारीचं बटण मागच्या अंगणात. सिनेमा लावायच्या आधी ते बहुतेक वेळा मोटार लावून येत आणि मग विसरत. मध्येच आठवण येई. "बाई, टाकी वाहून राह्यली असंन, मोटार बंद करून ये बरं." कधी चहा हवा असे, त्यातही आलं किसून. कधी गेट वाजल्यासारखं वाटे. मी कुरकुरत उठत असे. "थांबवा ना तोवर," असं म्हटलं की ते म्हणत, "तसं काई नाई चालू. तू ये." परत येईपर्यंत पडद्यावर रिकामी खुर्ची आलेली असे. माझा सगळा सिद्धान्त तिथे, मोटारीच्या बटणाजवळ तयार झाला होता.

मंडळात ज्या दिग्दर्शकांचं मी कौतुक केलं, त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं दाखवलं होतं.

हे कळल्यावर आधी हसू यायला हवं होतं, पण संशय आला. ते गेले त्याआधीच्या हिवाळ्यातले सिनेमे मी आठवू लागले. त्यांच्यासोबत पाहिलेला एक तमिळ सिनेमा होता, बस कंडक्टरचा. त्यात कंडक्टर मरतो हे मला ठाऊक होतं. ते फोनवरच्या दोन वाक्यांत कळतं आणि ते मी पाहिलं होतं. मग त्यांनी मला उठवलं कुठे? मला चहा आठवत होता, किसलेलं आलं आठवत होतं. तो सिनेमा मी पुन्हा लावला. फोन येतो आणि त्यानंतर कंडक्टरची बायको नवऱ्याची बॅग आणि तिकिटाचं मशीन परत द्यायला डेपोत जाते. साहेब तिला बसायला सांगतो. ती बसत नाही. परतीच्या बसमध्ये ती तिकीट काढते आणि सुटे पैसे घेऊन नुसती बसून राहते. चहा त्या जागी होता.

त्यात दवाखाना नव्हता. तिरडी नव्हती. मागे राहिलेली बाई होती, एवढंच.

आता मला एकच गोष्ट कळायला हवी होती. त्यांना माहीत होतं का? आपल्याला काहीतरी होतंय हे ठाऊक असून ते माझ्यापासून लपवत होते का? मी त्यांचं कपाट उचकलं. पित्ताच्या गोळ्या निघाल्या, त्या माझ्याही कपाटात आहेत. शर्टाचे खिसे तपासले. गेलेल्या माणसाचे खिसे उलटे करताना मला माझीच लाज वाटली, पण मी थांबले नाही.

मग मी त्यांच्या मित्राकडे गेले. तो एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, बसस्टँडच्या मागे राहतो. रोज दुपारी जेवण झाल्यावर हे त्याच्याकडे जात. गप्पा मारायला, असं मला सांगत. तो कडुनिंबाखाली खाटेवर पडला होता. मला पाहून धडपडत उठला.

"वहिनी! एवढ्या उन्हाच्या कायले आल्या? मले फोन करा लागत होता."

"एक विचारायचं होतं. हे दुपारी इथे येऊन काय करत?"

"काय करन? बसे."

"सिनेमे पाहत?"

त्याने दुपट्टा खांद्यावरून काढून पुन्हा खांद्यावर टाकला. "कोनं सांगतलं तुमाले?"

"कोणीच नाही सांगितलं. म्हणून तर विचारायला आले."

"पाहे," तो म्हणाला. "मोबाइलवर. कानात थे बोंडं घालून. मी म्हणो, काऊन बे, घरी एवढा मोठा टीव्ही हाय अन् इथं डोये फोडून राह्यला? त म्हने, बाईचा तास हाय, तयारी करून राह्यलो. मी त झोपून जाओ. उठलो की सांगे. इथं दवाखाना येते, इथं चाहा. इथं तिरडी, इथं मोटार. आमी लय हासो."

"हसत होता तुम्ही?"

"तुमाले नाई हो वहिनी, त्याले! एका डाव त सिनेमात लागोपाठ दोघं जन मेले. म्हने, आता काय करू बे, दोन डाव मोटार कशी सांगू? मंग शेजाऱ्याची बकरी आंगनात आली म्हनून सांगतलं."

ती बकरी मला आठवत होती. मी काठी घेऊन सगळं अंगण पालथं घातलं होतं.

"त्यांना काही त्रास होता का? छातीत? दम लागणं?"

त्याचं हसू थांबलं. "गॅस म्हने. डेपोच्या चढावर उभा राहे. मी म्हणो, दवाखान्यात चाल. हाव म्हने, जाऊ. गेला का नाई, मले नाई मालूम. खरं सांगतो, वहिनी."

तो खरं सांगत होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी निघाले तेव्हा तो गेटपर्यंत आला.

"आखरीचा होता ना, पिठाच्या गिरनीचा? तो पाहून लय खूश होता. म्हने, एक सापडला. याच्यात बाईले उठवाचं कामच नाई."

मी मान डोलावली आणि निघाले. त्या वेळी हे वाक्य नुसतं कानावर पडलं. माझ्या डोक्यात राग होता. मी वर्गात मृत्यूवरच्या कविता शिकवल्या होत्या. बहिणीला शेवटचं पाणी मी पाजलं होतं. मी काय पाहू शकते आणि काय नाही, हे परस्पर ठरवायचा अधिकार यांना कोणी दिला? हा राग बरेच दिवस टिकला. तो होता तोवर मला जेवण तरी जात होतं.

ठरल्या दिवशी मी मंडळात गेले. नव्या सिनेमांवर बोलायच्या आधी साडीवाल्या बाईंना सर्वांसमोर म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. पियानोच्या सिनेमातली म्हातारी मरते."

त्या गडबडल्या. उठून माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जाऊ द्या ना बाई. तुमच्या घरी लागे थोच बरा होता."

त्या दिवशी माझं बोलणं फार रंगलं नाही. घरी आल्यावर ड्रायव्हरचं वाक्य पुन्हा आठवलं, आणि आता ते नीट ऐकू आलं.

गिरणीचा सिनेमा मी तोपर्यंत लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर लावला. मराठी सिनेमा, आपल्याच बाजूच्या एखाद्या खेड्यातला. माणसं वऱ्हाडी बोलतात आणि कोणीही लग्नात पडत नाही. नवरा-बायको मिळून पिठाची गिरणी चालवतात. त्या मंगळवारी आम्ही इथवर पाहिलं होतं की गिरणीचा पट्टा तुटतो. तेव्हा ते म्हणाले होते, "बाई, मोटार बंद करून ये."

मी पुढचं पाहिलं. नवरा तुटलेला पट्टा हातात घेऊन पाहतो. बायको जमिनीवरचं पीठ झाडते. लोकांचे दळणाचे डबे रांगेत तसेच आहेत. दोघं डब्यांवरच बसून भाकरी खातात. नवऱ्याच्या भुवयांवर पीठ आहे, बायको ते पुसत नाही, नुसती पाहून हसते. पुढे मुलगी माहेरी येते, नवा पट्टा येतो, गिरणी सुरू होते. मी शेवटच्या पाट्यांपर्यंत पाहिला. कोणी आजारी पडत नाही. कोणी मरत नाही. मागे एकटी राहिलेली बाई त्यात कुठेही नाही. मग त्यांनी मला उठवलं कशासाठी?

मी संशयी आहे, म्हणून दोन्ही बाजू तपासल्या. त्यांना खरंच टाकी वाहत असल्यासारखं वाटलं असेल. पण त्या दिवशी मोटार मी लावली होती, सिनेमा सुरू व्हायच्या थोडंच आधी, आणि टाकी रिकामी झाली म्हणून मला त्यांनीच सांगितलं होतं. ती इतक्यात भरणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. भरेपर्यंत मी तिथेच उभी राहीन, अर्धवट सोडून येणार नाही, हेही ठाऊक होतं.

ते म्हणाले तेव्हा आवाज नेहमीसारखा होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, पडद्याकडे पाहत उठले होते.

सिनेमा चांगला आहे. संगीत आधी येत नाही. मंडळात मी तो वरच्या वर्गात घातला.

आता मी एकटीच सिनेमे पाहते, दुपारी, जेवणानंतर. मोटार लावलेली असली तर आधी सिनेमा थांबवते, टाकी भरेपर्यंत अंगणात उभी राहते आणि परत येऊन तिथूनच पुढे पाहते. दवाखाना येतो तेव्हा बसून राहते. माझं एकही दृश्य सुटत नाही.